डहाणू–तलासरी परिसरातील घर व अंगणाची हंगामी निगा

डहाणू–तलासरी परिसरातील घर व अंगणाची हंगामी निगा म्हणजे महाराष्ट्राच्या पालघर जिल्ह्यातील डहाणू व तलासरी या तालुक्यांत घराचे छप्पर, भिंती, जोते, अंगण, कुंपण आणि परसबाग यांची ऋतुमानानुसार केली जाणारी डागडुजी व देखभाल होय. माती, गवत, बांबू आणि कारवी यांसारख्या नाशवंत साहित्याच्या घरांमुळे या भागात दुरुस्ती हे प्रसंगोपात्त काम नसून शेतीच्या कामांबरोबर ठरलेले वार्षिक कर्तव्य राहिले आहे. गेल्या काही दशकांत विटा, सिमेंट व पत्रे यांचा वापर वाढला. नोव्हेंबर २०१८ पासून या परिसरात भूकंपाचे धक्के बसू लागल्यानंतर घरांच्या निगेला सुरक्षिततेच्या दृष्टीनेही महत्त्व आले.

भौगोलिक व सामाजिक पार्श्वभूमी

डहाणू व तलासरी हे तालुके १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन निर्माण झालेल्या पालघर जिल्ह्याच्या उत्तर भागात आहेत. पश्चिमेस अरबी समुद्र, उत्तरेस गुजरात राज्य आणि पूर्वेकडे सह्याद्रीच्या पायथ्याकडे चढत जाणारा डोंगराळ मुलूख अशी या परिसराची रचना आहे. चिंचणी, डहाणू, घोलवड, बोर्डी ही किनारपट्टीवरील गावे नारळ, ताड व चिकूच्या वाड्यांसाठी ओळखली जातात. पूर्वेकडे भातशेती, माळराने, जंगल आणि विखुरलेले पाडे आढळतात.

पर्जन्यमान मोठे असून वर्षाचा जवळजवळ सर्व पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. उरलेले आठ महिने बहुतांशी कोरडे जातात. अतिवृष्टी आणि दीर्घ कोरडा काळ या दोन टोकांमध्ये घर टिकवावयाचे असल्याने निगेची कामे दोन मुख्य टप्प्यांत येतात. पहिला टप्पा पावसापूर्वीचा, तर दुसरा पाऊस सरल्यानंतरचा असतो.

लोकवस्तीत वारली समाज बहुसंख्येने असून कोकणा, कातकरी, मल्हार कोळी, धोडी, दुबळा आदी समाजही येथे राहतात. किनाऱ्यालगत मांगेला, भंडारी, वाडवळ, तसेच पारशी व इराणी कुटुंबे आहेत. पाड्यावरील कुडाचे घर, किनाऱ्यावरील कौलारू घर व वाडीतील बंगला यांची निगा वेगवेगळ्या पद्धतीने केली जाते. त्यांचे कालमान मात्र एकच असते.

पूर्वी या निगेवर जमीनदारी व्यवस्थेचीही छाया होती. वेठीच्या प्रथेत कुळांना जमीनदाराच्या शेतावरची आणि घरची कामे मोबदल्याशिवाय करावी लागत. त्यामुळे ऐन हंगामात स्वतःच्या घराकडे पाहण्यास सवड उरत नसे. १९४५ मध्ये सुरू झालेल्या वारल्यांच्या लढ्यात वेठ बंद करण्याबरोबरच गवत कापणीस रास्त मजुरी मिळावी ही प्रमुख मागणी होती. या लढ्याचे वर्णन गोदावरी परुळेकर यांच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या ग्रंथात आले आहे.

घर व अंगणाची रचना

परंपरागत वारली घराचा सांगाडा जमिनीत रोवलेल्या लाकडी मेढींवर उभा असतो. मेढींवर आडवी लाकडे व आढे ठेवून त्यांवर वासे टाकले जातात. भिंतीसाठी कारवीच्या काठ्या उभ्या लावून त्यांना बांबूच्या आडव्या कामट्या बांधतात. या विणीस कूड म्हणतात. कुडाच्या दोन्ही बाजूंना माती व शेणाचा लेप दिला जातो. शेणातील तंतुमय भागामुळे लेप वाळताना त्यास भेगा कमी पडतात. छपरासाठी गवत, भाताचा पेंढा व झाडांची पाने किंवा नळीची कौले वापरली जात. पुढे मंगळुरी कौले आणि पत्रे आले.

छपराचा उतार भिंतीच्या बराच बाहेर आलेला असतो. त्याखालील वळचणीमुळे पावसाची झड थेट मातीच्या भिंतीवर येत नाही. घराचे जोते सभोवतालच्या जमिनीपेक्षा उंच असते. पुढच्या बाजूस ओटा किंवा पडवी, त्यापुढे चोपून सपाट केलेले अंगण, मागे परसू आणि सभोवती कुंपण असा सर्वसाधारण क्रम दिसतो. काही घरांपुढे लाकडी खांबांचा मांडव असतो. त्याच्या माथ्यावर पेंढा साठवतात आणि खाली सावलीत घरकाम चालते.

या घराचा प्रत्येक भाग नाशवंत आहे. गवत कुजते, कौल फुटते, मेढीचे जमिनीतील टोक वाळवी खाते आणि लेप पावसाने उतरतो. तरीही वर्षानुवर्षे ही घरे उभी राहतात, कारण झिजलेला भाग दरवर्षी बदलला जातो. अशा घराचे आयुष्य त्याच्या निगेवरून ठरते.

ऋतुचक्रानुसार निगा

उन्हाळा व आगोट

पावसाळ्याच्या तोंडाला केल्या जाणाऱ्या तयारीस उत्तर कोकणात आगोटीची तयारी म्हणतात. चैत्र-वैशाखात ही कामे सुरू होतात आणि जूनच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास पाऊस स्थिरावण्यापूर्वी पूर्ण करावी लागतात.

शाकारणी हे यातील सर्वांत महत्त्वाचे काम होय. गवती छपराचे कुजलेले थर काढून नवे गवत घातले जाते. कौलारू छपरावरील कौले उतरवून झाडली जातात, फुटकी कौले बदलली जातात आणि किडलेल्या रिपा व वासे काढून नवे बसवतात. कौले खालून वर, प्रत्येक वरची ओळ खालच्या ओळीवर चढेल अशा रीतीने लावली जातात. हे काम शेजारी परस्परांच्या मदतीने करतात.

मेढींच्या बुंध्याची तपासणी याच काळात होते. नवी मेढ रोवताना जमिनीत जाणारे टोक जाळून काळे करणे किंवा त्यास डांबर लावणे हे वाळवी व ओल यांवरील जुने उपाय आहेत. जोत्याला पडलेली बिळे व खड्डे मुरमाने भरून धुमसाने ठोकतात. पागोळ्यांचे पाणी जोत्यापासून दूर जावे यासाठी घराभोवती उथळ चर खणला जातो. पावसाची झड येणाऱ्या बाजूस झावळ्यांचे किंवा पेंढ्याचे झाप बांधले जातात. अलीकडे त्यांची जागा प्लास्टिकच्या ताडपत्रीने घेतली आहे.

सरपण व गोवऱ्या कोरड्या जागी रचणे, गुरांसाठी पेंढा झाकणे आणि छपरावर झुकलेल्या फांद्या छाटणे ही कामेही याच काळातील आहेत. भाताच्या रोपवाटिकेसाठी जमिनीवर फांद्या व पाचोळा जाळण्याच्या ‘राब’ पद्धतीत अंगण-परसातील पालापाचोळाही उपयोगी पडतो.

आगोटीच्या वेळेवर रोजगाराचाही परिणाम होतो. अनेक आदिवासी कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्ट्या व बांधकामांवर मजुरीसाठी स्थलांतर करतात आणि पावसाळ्याच्या तोंडाशी परततात. घराच्या दुरुस्तीस अशा वेळी थोडेच दिवस मिळतात. दुरुस्ती अपुरी राहिल्यास तिचा परिणाम पहिल्या मोठ्या पावसातच दिसून येतो.

पावसाळा

पावसाळ्यात मोठी दुरुस्ती शक्य नसते. या काळात निगा म्हणजे मुख्यतः पाण्यावर लक्ष ठेवणे होय. चर तुंबला की पाणी जोत्यात मुरते आणि मातीची भिंत तळापासून मऊ होते. म्हणून पागोळ्यांखालील माती धुपून गेल्यास तेथे दगड किंवा फुटकी कौले टाकतात. भिंतीचा उतरलेला लेप उघडीप मिळताच भरला जातो.

अंगणातील शेवाळ खरवडणे आणि घरालगतचे गवत कापणे ही कामे वारंवार करावी लागतात. नाग, मण्यार, घोणस व फुरसे हे विषारी साप या हवामानात आढळतात आणि बिळांत पाणी शिरल्यावर कोरड्या जागेच्या शोधात घराजवळ येतात. मण्यार रात्री फिरते व तिचा दंश पुष्कळदा वेदनारहित असल्याने जमिनीवर झोपणाऱ्यांना तिचा धोका अधिक असतो. सरपणाचा ढीग भिंतीला न टेकवता अंतरावर रचणे, भिंतीतील भोके बुजवणे आणि शक्यतो खाटेवर, मच्छरदाणीत झोपणे हे प्रतिबंधक उपाय मानले जातात. दंश झाल्यास जखम कापणे किंवा आवळून बांधणे टाळून रुग्णास विनाविलंब सर्पदंशप्रतिविष उपलब्ध असलेल्या रुग्णालयात नेणे आवश्यक असते.

डेंग्यूचा प्रसार करणारे एडिस डास साचलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतात. नारळाच्या करवंट्या, जुने टायर, फुटकी भांडी व ताडपत्रीच्या घड्या यांत साचलेले पाणी आठवड्यातून एकदा ओतून टाकण्याच्या प्रथेस आरोग्य खाते ‘कोरडा दिवस’ म्हणते.

शरद ऋतू व सुगी

पाऊस ओसरल्यावर घराची खरी हानी दिसते. भाद्रपद-आश्विनात भिंतींवरील ओलीचे डाग, तळाची धूप, वाळवीच्या मातीच्या नळ्या आणि खचलेले जोते यांची पाहणी केली जाते. भिंती पूर्ण वाळल्यावरच नवा लेप देतात. ओल्या भिंतीवर दिलेला लेप लवकर सुटतो.

भातकापणीबरोबर खळे तयार करण्याचे काम येते. जागा खणून, पाणी शिंपडून, चोपण्याने ठोकून आणि शेणाने सारवून ती कठीण व गुळगुळीत केली जाते. घराजवळ झोडणी होत असेल तर अंगणच खळे बनते. दाणा मातीत मिसळू नये म्हणून येथे सारवणाची गुणवत्ता महत्त्वाची ठरते. शाकारणीत पुरुषांचा सहभाग अधिक असतो, तर सारवण हे परंपरेने स्त्रियांचे कौशल्य आहे. शेण, माती व पाणी यांचे प्रमाण मातीच्या जातीनुसार बदलते.

कापणीनंतरचा पेंढा व माळावरचे गवत पुढील वर्षाच्या छपरासाठी आणि गुरांसाठी बाजूला काढले जाते. पुढल्या आगोटीच्या तयारीची ही सुरुवात असते.

हिवाळा

मार्गशीर्ष ते माघ हा बांधकामास अनुकूल काळ आहे. नवे घर उभारणे, मेढी बदलणे, कूड नव्याने विणणे व कुंपण दुरुस्त करणे ही कामे या काळात होतात. माघानंतर लग्नसराई सुरू होते. तीपूर्वी भिंती सारवून त्यांवर गेरूचा हात दिला जातो.

कुंपण, परसबाग व वाडी

कुंपणासाठी सुकी काटेरी फांटी किंवा सजीव रोपे वापरतात. अडुळसा, निरगुडी, मोगली एरंड, शेर व गिरिपुष्प ही रोपे गुरे सहसा खात नाहीत किंवा छाटणीनंतर जोमाने फुटतात, म्हणून ती कुंपणास सोयीची ठरतात. मोगली एरंडाच्या बिया विषारी असतात आणि शेराचा चीक डोळ्यांस अपायकारक असतो, त्यामुळे लहान मुले खेळत असलेल्या अंगणालगत ही झाडे टाळणे हिताचे असते. पावसाच्या आरंभी लावलेल्या छाटकलमांना वेगळे पाणी घालावे लागत नाही.

परसात पहिल्या पावसानंतर दुधी, शिराळे, कारले, काकडी व भोपळ्याचे वेल लावले जातात आणि मांडवावर किंवा छपरावर चढवले जातात. मोरीच्या सांडपाण्यावर केळी व अळू लावण्याची पद्धत जुनी आहे. त्यामुळे पाणी जोत्याजवळ साचत नाही आणि भाजीही मिळते. शेवग्याची फांदी सहज मोडते, म्हणून तो छपरापासून दूर लावतात. वड, पिंपळ व उंबर यांची भिंतीच्या फटीत उगवलेली रोपे लहान असतानाच मुळासकट काढावी लागतात.

किनारपट्टीवर चिकू हे घराभोवतालचे प्रमुख झाड आहे. या भागात चिकूची लागवड इराणी व पारशी बागायतदारांनी रुजवली. ‘डहाणू घोलवड चिकू’ यास २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. कालीपत्ती ही येथील प्रमुख जात असून कलमांसाठी खिरणीचा खुंट वापरतात. चिकूचे झाड सदाहरित व दीर्घायुषी असून मोठे पसरते. त्यामुळे दोन झाडांत सुमारे १० मीटर अंतर ठेवतात आणि घरालगत लावताना त्याचा भावी विस्तार लक्षात घेतात. पावसाळ्यातील सततच्या दमटपणात फळकूज व बी पोखरणाऱ्या अळीचा उपद्रव होतो. गळालेली फळे वेचून नष्ट करणे, दाट फांद्या विरळ करून आत ऊन व वारा खेळू देणे आणि बुंध्याशी पाणी साचू न देणे हे निगेचे मुख्य भाग होत. कोसबाड येथील कृषी विज्ञान केंद्र अशा विषयांवर शेतकऱ्यांना मार्गदर्शन करते.

समुद्रालगतच्या घरांना खारा वारा सहन करावा लागतो. लोखंडी पत्रे, खिळे व जाळ्या तेथे लवकर गंजतात. वारा व वाळू अडवण्यासाठी किनाऱ्यावर सुरूची झाडे लावलेली आढळतात. मे २०२१ मधील तौक्ते चक्रीवादळ या किनाऱ्याजवळून गुजरातकडे गेले. त्या वेळी पालघर जिल्ह्यात घरांचे छप्पर व फळबागा यांची हानी झाली. आगोटीची तयारी मे महिन्याच्या पूर्वार्धातच उरकण्याची आवश्यकता अशा वादळांमुळे वाढली आहे.

अंगणाचे सांस्कृतिक व शैक्षणिक स्थान

वारली चित्रकलेचा उगम भिंतीच्या निगेशी निगडित आहे. शेण-मातीने सारवलेल्या किंवा गेरूने रंगवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाच्या पांढऱ्या रंगाने चित्रे काढली जात. विवाहप्रसंगी सुवासिनी देवचौक लिहितात आणि त्यात पालघट देवीची आकृती असते. पुढच्या सारवणात जुने चित्र झाकले जाई आणि नव्या प्रसंगी नवे काढले जाई. डहाणू तालुक्यातील जिव्या सोमा मशे (पद्मश्री, २०११) यांनी ही कला कागद व कापडावर आणून जगभर पोहोचवली. भिंती सिमेंटच्या झाल्यावर चित्र टिकाऊ झाले, परंतु दर हंगामी नवे लिहिण्याची निकड कमी झाली.

अंगणाचा शिक्षणाशीही संबंध आहे. ताराबाई मोडक यांनी १९४५ पासून बोर्डी येथे अनुताई वाघ यांच्या साहाय्याने बालशिक्षणाचे काम केले. मुले बालवाडीपर्यंत येत नाहीत असे दिसल्यावर बालवाडीच त्यांच्या वस्तीतील अंगणात नेण्यात आली. त्यातून ‘अंगणवाडी’ ही कल्पना साकारली. १९५७ मध्ये हे कार्य कोसबाडच्या टेकडीवर नेण्यात आले. मुलांची व परिसराची स्वच्छता हा या शिक्षणाचा भाग होता. अंगणवाडी हा शब्द पुढे देशभर रूढ झाला.

बदलती घरे व भूकंपाचे धक्के

शासकीय घरकुल योजना, मजुरीतून आलेला पैसा आणि गवत-कारवीची घटती उपलब्धता यांमुळे विटा, सिमेंट व पत्र्यांची घरे वाढली. पक्क्या घरास निगा लागत नाही असा समज आढळतो. वस्तुतः निगेचे स्वरूप तेवढे बदलते. गच्चीवरील पाण्याचे मार्ग मोकळे करणे, तडे भरणे, उघड्या पडलेल्या सळ्या गंजण्यापूर्वी झाकणे आणि पत्र्यांचे आकडे घट्ट करणे ही कामे पावसापूर्वी करावी लागतात.

नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू व तलासरी तालुक्यांत धुंदलवाडीच्या आसपास लहान-मोठ्या धक्क्यांची मालिका सुरू झाली. १ फेब्रुवारी २०१९ रोजी एकाच दिवसात अनेक धक्के बसले. त्यांतील सर्वांत मोठा ४ रिश्टरपेक्षा अधिक तीव्रतेचा होता. भीतीने घराबाहेर पळताना पडून एका लहान मुलीचा मृत्यू झाला. अनेक घरांना तडे गेले, रहिवाशांनी थंडीत उघड्यावर रात्री काढल्या आणि प्रशासनाने तंबू पुरवले. धक्के उथळ असल्याने ते लहान असूनही तीव्रतेने जाणवत.

अशा परिस्थितीत घराच्या प्रकारानुसार धोका बदलतो. कुडाची भिंत हलकी व लवचीक असते. ती कोसळली तरी जड विटांच्या भिंतीइतकी इजा करत नाही. मात्र मेढीचा बुंधा कुजलेला असेल तर हा गुण निरुपयोगी ठरतो. मातीच्या सांध्यात रचलेली, आडवी पट्टी नसलेली विटांची भिंत आणि तिच्यावर जड छप्पर ही रचना अधिक धोकादायक असते. मातीच्या इमारतींच्या भूकंपरोधकतेसंबंधी भारतीय मानक १३८२७ (१९९३) मध्ये हलके छप्पर, भिंतीची मर्यादित उंची आणि घराभोवती सलग आडवी पट्टी यांची शिफारस आहे. वाऱ्याने पत्रे उडू नयेत म्हणून त्यांवर दगड ठेवण्याची सवयही धक्क्यांच्या प्रदेशात घातक ठरते. पत्रे आकड्यांनी वाशांना जखडणे हा वारा व भूकंप या दोहोंसाठी योग्य उपाय आहे.

भूकंपाचे तडे आणि पाऊस यांचा परस्परसंबंध असतो. हिवाळ्यात पडलेला तडा बुजवला नाही तर पावसाळ्यात त्यातून पाणी शिरते व भिंत दुबळी होते. तड्याच्या टोकावर खूण करून शेजारी दिनांक लिहिल्यास तो वाढतो आहे की स्थिर आहे हे कळते. वाढणाऱ्या तड्यावर केवळ गिलावा देणे पुरेसे नसते. त्यासाठी जाणकाराचा सल्ला घ्यावा लागतो. अंगण मोकळे ठेवण्याचेही नवे कारण येथे आहे. धक्का बसल्यावर भिंत, झाड व विजेच्या तारांपासून दूर उभे राहता येईल अशी ती घराजवळची एकमेव जागा असते.

कायदेशीर बाबी

२० जून १९९१ च्या अधिसूचनेने केंद्र शासनाने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून घोषित केला. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या आदेशानंतर न्या. चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण स्थापन झाले. महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, १९६४ नुसार आंबा, चिंच, मोह, साग, जांभूळ, फणस आदी अनुसूचित झाडे खाजगी जमिनीवर असली तरी ती तोडण्यास परवानगी लागते. अनुसूचित जमाती व इतर पारंपरिक वननिवासी यांच्या २००६ च्या वन हक्क कायद्यात बांबूचा समावेश गौण वनोपजात असल्याने, हक्क मान्य झालेल्या ग्रामस्थांना घरदुरुस्तीचे हे महत्त्वाचे साहित्य जंगलातून आणता येते.

कामांचे वार्षिक वेळापत्रक

• चैत्र–वैशाख: शाकारणी, मेढी व वाशांची तपासणी, पत्र्यांचे आकडे घट्ट करणे, फांद्यांची छाटणी.
• ज्येष्ठ: चर खणणे, झाप बांधणे, सरपण व पेंढा झाकणे, कुंपणाची छाटकलमे व वेल लावणे.
• आषाढ–श्रावण: चर मोकळे ठेवणे, गवत कापणे, साचलेले पाणी ओतणे, चिकूची गळालेली फळे वेचणे.
• भाद्रपद–आश्विन: भिंती व जोत्याची पाहणी, वाळवीचा बंदोबस्त, लेप भरणे.
• कार्तिक: खळे तयार करणे, अंगण सारवणे, गवत व पेंढ्याचा साठा.
• मार्गशीर्ष–पौष: नवे बांधकाम, कूड विणणे, कुंपणाची दुरुस्ती.
• माघ–फाल्गुन: भिंती सारवणे व रंगवणे, तड्यांच्या खुणा तपासणे, छपराचे साहित्य जमवणे.

हे सुद्धा पहा

• वारली चित्रकला
• कारवी
• अंगणवाडी
• घोलवड
• कोसबाड